होडी रस्त्याने गेली

काय रं पोरांनो, आजी आठवते का? का होडीबरोबर तिलापण विसरलात? मी बोलतेय, सूनबाई लिहितेय.

आज सकाळी तुमच्या बाळूकाकाने आजोबांची होडी लोधिवलीच्या एका फार्महाऊसवाल्याला देऊन टाकली. आजोबा गेल्यावर तिच्यातून धरणात जाळं मीच टाकत होते. "आई, एक दिवस पडशील पाण्यात," एवढंच त्याचं कारण. मला विचारलं नाय, सांगितलं.

छोट्या पिकअपमागे ट्रॉली जोडली, तिच्यावर होडी आवळून बांधली. ड्रायव्हरने होडीच्या टोकाला लिंबू-मिरची लटकवली, नव्या गाडीला लावतात तशी.

मी म्हटलं, "अरं भाऊ, जिला पाणी दिसायचं नाय, तिला आता नजर कुणाची लागणार?"

तो हसला. "आजी, साहेब गेटवर ठेवणार हायेत. माती भरून फुलझाडं लावणार."

दर नारळी पुनवेला जिला मी कुंकू लावलं, तिच्यात आता शेणखत!

मी बाळूवर ओरडले, तर त्याने मोबाईल पुढे केला. "बघ, ग्रुपवर सगळ्यांनी अंगठे दिलेत."

अंगठा मी उठवते, कारण मला अक्षर येत नाय. तुमी तर शिकलेले. "आजीला विचारलं का?" एवढं एकालाही लिहिता आलं नाय?

आता धरणातले मासे धरणातच राहणार. तेव्हा सणाला पाठवता ते मिठाईचे खोके नकोत. सुके बोंबील पाठवा, चांगले कडक वाळलेले.