अजून पाच जण

“वहिनी, साडेअठरा? अर्धा माणूस कुठून आणलात?”

“माणसं अख्खीच आहेत भाऊजी, एकोणीस. पण अंदाज काढायची ही घंटेसारखी रेषा सलग असते. तिच्यावर एकोणिसाची जागा साडेअठरापासून सुरू होते.”

मुकादम दीर पान्हा तळहातावर आपटत राहिला. पत्रा दाबणाऱ्या त्याच्या शेडमध्ये शंभर माणसं. वहिनी कामगार संघटनेची मोजणीबाई. तिच्या नवऱ्याचा पंजा इथल्याच चार नंबरच्या प्रेसनं खाल्लेला. या धंद्यात वर्षाला शंभरात दहा हात चेचतात. इथं यंदा एकोणीस. दुपारी तपासनीस येणार होता. कागद पटला तर हात वाचवणाऱ्या जाळ्या बसेपर्यंत प्रेस बंद, नाहीतर चहा पिऊन तो वाटेला लागणार.

“दहाचे कधी एकोणीस होतात. नशीब.”

“नशिबानं आकडा सहसा जेवढा हलतो, ते पाऊल इथं तिनाचं. शंभरातला दहावा हिस्सा दहा, न चेचणारे नऊ दशांश म्हणून त्याचे नऊ, वर्गमूळ तीन. साडेअठरा म्हणजे जवळजवळ तीन पावलं लांब. निव्वळ नशिबानं असं हजारात दोन-तीनदा.”

दीर उठला. एकोणिसांतल्या पॉलिशवाल्याला गचांडी धरून ओढत आणलं आणि पान्हा त्याच्या गुडघ्यावर घातला. पुन्हा घातला. पॉलिशवाल्यानं बोटं तुटलेला हात खिशात कोंबला. “माझी बोटं घरी सुरीनं गेली,” तो कण्हला.

तिनं एक खोडला. “अठरा. साडेसतरापासून मोजलं तर हजारात सहा. अजून नशीब म्हणता येत नाही.”

“मग कितीवर आणू?”

मारहाण बघून प्रेस थांबले होते. तिनं मुद्दाम आवाज चढवला. “तेरावर. तेवढं नशिबानं शंभरात वीसदा होतं, मीच नशीब लिहीन. अजून पाच जण झोडा.”

शेडभर माणसं एकमेकांकडे बघू लागली. आता पाळी कुणाची? पॉलिशवाल्यानं खिशातला हात काढून टेबलावर ठेवला. “लिही ताई, एकोणीस.”

पान्हा तिच्या तोंडावर बसला. दात कागदावर पडला. दुसऱ्या घावासाठी पान्हा उचलला तसा चौघांनी दिराचा हात मागं पिरगळला. खांदा कडाडला, दीर ओरडत आडवा झाला.

“तुमचा हात मोजणीत धरत नाही, भाऊजी,” ती रक्त थुंकत म्हणाली. “तो प्रेसनं नाही मोडला.”

दुपारी तपासनीसानं रक्ताळलेला कागद दोनदा वाचला आणि प्रेसना सील लावलं. ती तोंडावर फडकं दाबून पलीकडच्या शेडमध्ये शिरली, नवा कागद पसरला आणि पहिल्या माणसाला म्हणाली, “नाव नको. हात दाखव.”