आगरच्या पाटीखालचं बाकडं

उज्जैनमधल्या एका लहानशा संग्रहालयाचं भेटवस्तूंचं दुकान सजवायचं काम मला मिळालं, तेव्हा पहिले काही दिवस मी घरीही बोलले नव्हते. जमेल की नाही, हीच धाकधूक. इथे बाहेरगावचे लोक बसनंच येतात-जातात, म्हणून दुकान जुन्या बससारखं करायचं ठरवलं. भंगारातून खरी बाकडी आणली, खिडकीच्या गजांना चित्रकार्डं अडकवली, पेंटरकडून आसपासच्या गावांच्या पाट्या रंगवून घेतल्या: देवास, मक्सी, आगर.

संग्रहालयाचे साहेब पाहायला आले आणि म्हणाले, "मॅडम, ये दुकान है या बस अड्डा?" ते हसले. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

दुकान उघडल्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी मी कोपऱ्यात उभी राहून लोक कशाला हात लावतात ते बघत होते. रस्त्याकडच्या दारातून आलेली एक म्हातारी आगरच्या पाटीखाली मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. दमली असेल, म्हणून मी काही विचारलं नाही. उलट बरंच वाटलं, बाकडं कुणाच्या तरी कामी आलं. बऱ्याच वेळानं तिनंच मला विचारलं, "बेटा, आगर वाली गाड़ी कब लगेगी?"

"माँजी, ये तो दुकान है."

"पर बोर्ड तो लगा है," म्हणत ती घाबरीघुबरी उठली. मुलगी आगरच्या दवाखान्यात, बाळंतपणाला. हिला चारची बस गाठायची होती, आणि चाराला दहा मिनिटं कमी होती.

मी तिला घेऊन ऑटोत बसले. देवास गेटचा बस स्टँड येईपर्यंत "भैया, जल्दी" एवढंच म्हणत होते. तिनं माझा हात घट्ट धरला होता. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

स्टँडवर बस निघालीच होती. मी हात हलवत आडवी धावले. कंडक्टर खेकसला, पण त्यानं दार उघडलं आणि तिला वर ओढून घेतलं.

परत येऊन मी साहेबांना म्हटलं, "बोर्ड उतारने पड़ेंगे."

"अरे, लोगों को तो पसंद आ रहे हैं!"

तरी मी स्टूलवर चढून तिन्ही पाट्या काढल्या. तिच्या मुलीचं पुढे काय झालं, मला कळलं नाही. नंबर विचारायचंही सुचलं नव्हतं.