नलूच्या तासाला तळलेले पापड

नलूच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी आरशासमोर उभी राहून नव्या कवळीशी भांडत होते. "मावशी, आई गेली... पहाटे झोपेतच." मी कवळी काढून ठेवली. मग तो म्हणाला, "गुरुवारी घरी सगळे जमतोय. तू बोल. आईनं बँकेत घेतलेल्या वर्गात तू होतीस ना?" होते बाबा. म्हणूनच तोंड लपवावंसं वाटलं.

नलू माझी शाळेपासूनची मैत्रीण. ती कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची आणि मी बँकेत कर्ज अधिकारी. स्टार्चची साडी, काखेत पर्स, डोक्यात हवा. ऐंशीच्या दशकात आमच्या प्रशिक्षण केंद्रानं तिला बोलावलं. कर्ज देणाऱ्यांना हवा, पाणी, धूर यांबद्दल काही शिकवा म्हणून. 'पर्यावरण' हा शब्दच तेव्हा नवा. आमच्या लोकांना तो तास दुपारच्या डुलकीसाठी बरा वाटे. तो पुढे चालवायचा की बंद करायचा, हे मोठे साहेब येऊन ठरवणार होते, आणि नलूचा जीव त्यात अडकलेला. "हा तास टिकला पायजे वं," ती मला म्हणाली. "कॉलेजातली पोरं झाडं लावतीन, पण सही तं तुमचीच चालते ना!"

व्याख्यान द्यायचं सोडून तिनं वर्गात मुगाच्या पापडाचं पीठ आणलं. टायवाले साहेब लोक पोळपाट घेऊन बसले; सगळ्यांत वाकडा पापड माझा. अर्धे पापड केंद्राच्या गच्चीवर वाळले, अर्धे गावाबाहेरच्या, दगड फोडून खडी करणाऱ्या गिट्टी क्रशरमागच्या एका घराच्या अंगणात, खाटेवर. त्या क्रशरचं कर्ज मी मंजूर केलेलं! माझं पहिलं मोठं कर्ज. ती फाईल मी शाखेत नव्या नवरीसारखी मिरवली होती. नलूला हे ठाऊक नव्हतं आणि मी सांगितलंही नाही. म्हटलं, चैत्राच्या उन्हात पापड तो पापड, काय फरक पडणार? एवढी मी हुशार.

दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांसमोर तिनं ते तळले. म्हणाली, "तुमच्या फॉर्मात मशीनसाठी रकाना आहे, शेजारच्या अंगणासाठी नाही. तो आज खाऊन बघा." गच्चीवरचे पापड फस्त झाले. मग "हे क्रशरमागचे," म्हणत तिनं अंगणातले वाढले... आणि सगळ्यांची तोंडं एकदम थांबली. साहेबांनी भुवया चढवल्या. "त्या क्रशरचं कर्ज कुणी मंजूर केलं?"

सगळे माझ्याकडे वळले. नलू क्षणभर गडबडली. मग तिचा चेहरा चक्क उजळला. आपलं माणूस निघालं ना! "मग तूच सांग वं, कसा लागला?"

दाताखाली खडा कचकचत होता. वर्गात मी एकटी बाई. मोठ्या मुश्किलीनं मिळालेली खुर्ची डोळ्यांपुढे हलली.

"छान," मी म्हणाले. "एकदम कुरकुरीत!"

साहेब हसले, मग वर्ग हसला. पुढच्या बॅचपासून त्या वेळात फाईलवर टिप्पणी कशी लिहावी हे शिकवू लागले. क्रशर चालूच राहिला. त्या अंगणात पुन्हा कुणी वाळवण घातलं नाही.

नलू भांडली नाही. भांडली असती तर मीही चार शब्द सुनावले असते, तेवढी मी निर्लज्ज होते. तिनं फक्त पाण्याचा गिलास माझ्यापुढे ठेवला. "चूळ भर वं. दात तुटन."

नंतर ती आयुष्यभर माझ्याकडे येत राहिली, कुंड्यांमधली रोपं देत राहिली. मी कधी "नलू, त्या दिवशी..." म्हटलं, की म्हणायची, "आधी चहा ठेव."

गुरुवारी मनीषनगरच्या तिच्या घरी मी हे सगळं सांगून टाकलं. मागून त्या वर्गातले एक सहकारी हळूच म्हणाले, "मॅडम, खडा आमच्याही दाताखाली आला होता. सगळ्यांच्याच." लोक माझ्याकडे मायेनं बघायला लागले. मुलानं माझा हात धरला.

खोलीत दाटी होती. पाहुणे वाढले की नलू खुर्ची सोडून खिडकीच्या कट्ट्यावर बसायची. तिथे कुणीच बसलं नव्हतं. मी तिकडे बघत राहिले. खडा सगळ्यांच्याच दाताखाली आला होता, खरंय.

पण तिनं विचारलं मला होतं.