गोधडीखालचा चार्जर

पुनर्विकासाच्या सभेच्या आदल्या दिवशी बिल्डरने लालबागच्या आमच्या चाळीत घरटी एक पांढरी चकती वाटली. वायरलेस चार्जर. फोन नुसता वर ठेवायचा.

"ही लाच आहे, परत कर," मी आईला म्हटलं.

"लाच दिसाक बरी असा," आई म्हणाली, आणि शिवायला बसली.

आमच्याकडे मिक्सरला झगा असतो, फ्रिजला झालर, रिमोटला पिशवी. नवी वस्तू उघडी ठेवणं म्हणजे माजच. आईने जुन्या लुगड्याचे चार पदर घालून चकतीला गुबगुबीत गोधडी शिवली. तिच्यावर माझा फोन निजवला.

सभेच्या दुपारी मी फरशीवर पडून बघत होते. गोधडीतून हिरवा उजेड झिरपत होता, शेवाळल्या विहिरीसारखा. शेजारच्या तळणीतल्या बांगड्याचा वास भिंतीला न विचारता आत येतो, तशी वीज येत असेल, असं वाटलं. डोळा लागला. स्वप्नात अख्खी चाळ वायरी आणि नळ सोडून, गॅलरीतल्या वाळत्या कपड्यांसकट अलगद वर तरंगत निघाली. कुणी हाक मारत नव्हतं. इतकं छान वाटलं की झोपेतच राग आला. उद्या बिल्डरवाले म्हणतील, वायर लागत नाही तसा करारही लागत नाही.

संध्याकाळी चाळीच्या चौकात बिल्डरचा माणूस गोड आवाजात सांगू लागला, "नव्या घराची चावी मिळेपर्यंत तुमचं भाडं आम्ही देणार." लेखी मात्र काहीच नाही. निदान रेकॉर्ड करावं म्हणून मी फोन काढला. मेलेला. एवढ्या जाड कापडातून वीज पोचलीच नव्हती.

तो हसला. "ताई, विश्वास ठेवा की."

"ठेवतो ना आम्ही," आई म्हणाली. "फोन चार्ज होईपर्यंत बसा. चहा टाकतंय."

शेजारणीने आपली वायर आणली. जिन्याखालच्या बोर्डाला ती लावली, तर वीतभरच पुरली. फोन भिंतीलाच लटकला. चहा झाला, पडदा उजळला, मी रेकॉर्डिंग चालू केलं. त्याला खुर्ची सोडून जिन्याखाली यावं लागलं, वाकून, डोकं सांभाळत.

"भाडं... शक्यतो चावी मिळेपर्यंत," तो पुटपुटला.

"तो 'शक्यतो' काढा," आई म्हणाली. "मघाशी नव्हता."

मागे सगळी चाळ उभी होती. त्याने घाम पुसला, फोनजवळ तोंड नेलं आणि वाक्य पहिल्यापासून सुरू केलं.