बांधी होईपर्यंत बेशुद्ध

आमच्या गावात भाताचा रोवणा करणाऱ्या बायकांच्या तीन टोळ्या होत्या. त्यातली पारबताबाईची टोळी आपल्याला मिळावी म्हणून शेतकरी पाऊस लागायच्या आधीच तिच्या दारात येऊन बसत. तिच्या बायकांचे हात फार चलाख होते असं काही नाही. पण इतर टोळ्यांत नुसत्या बायका होत्या आणि हिच्या टोळीत एक कोरियन मालिका होती. पऱ्ह्याची, म्हणजे रोपांची, पहिली जुडी सुटली आणि बायका चिखलात ओळीनं वाकल्या, की पारबताबाई आदल्या संध्याकाळी पाहिलेला भाग सांगायला लागायची. नायकाला अपघात झाला, की ती गप्प. "आता ही बांधी झाल्याबिगर त्याले शुद्ध येत नाई," असं सांगून टाकायची. मग बायका अशा काही सुटत, की बांध घातलेला तो अख्खा तुकडा चहा यायच्या आत हिरवा झालेला असे. पोंभुर्ण्याकडच्या कितीतरी शेतकऱ्यांनी त्या परदेशी पोराच्या बेशुद्धीवर आपला हंगाम साधला. तो लवकर बरा होऊ नये म्हणून देवाला नारळ बोललेलेही त्यात असतील.

पारबताबाई आमच्या शेजारची. किडकिडीत, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, आणि आवाज तीन बांध्या ओलांडून जाणारा. नागपूरला दिलेल्या लेकीनं तिला आपला जुना मोबाइल दिला होता. गावात नेटवर्क फक्त तलावाच्या पाळीवर मिळायचं, म्हणून शेतावरून आली की ती पाळीवरच्या मोहाच्या झाडाखाली जाऊन बसायची आणि हिंदीत बोलणारे कोरियन लोक बघायची. रोज बघायची, पण त्यांच्याविषयी तिचं मत काही चांगलं नव्हतं.

"एवढा शंभर माळ्याचा मालक, अन् पोरीच्या मांगं छत्री घेऊन हिंडून राह्यला. हापिस कोन पाह्यते, माहा बाप?" हे पहिलं. दुसरं प्रेमाबद्दल. "चौदा भाग झाले, अजून हातच धरून राह्यला! इतक्यात आपल्याकडं दुसरं लेकरू चालाले लागते." पावसात उभं राहून एकमेकांकडे बघणाऱ्यांचा तर तिला संताप यायचा. रोवणा करायचा नाही तर हे भिजतात कशाला, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. कौतुक केलं ते एकाच गोष्टीचं. ते लोक काड्यांनी भात खातात. "शीत-शीत उचलून राह्यले. त्याईले पऱ्हे खोदाले आना, बोटं मस्त चालतीन." आणि नायकाची आई, जी मोठ्या गाडीतून येते आणि गरीब पोरीच्या तोंडावर ग्लासभर पाणी फेकते, तिच्यावर मात्र पारबताबाईचा जीव होता. "थे माय मले आवडते. येते, पानी फेकते, जाते. आपल्याकडचे आधी पोहे खातात."

हे कुणाच्या पोह्यांबद्दल आहे, ते टोळीतल्या सगळ्याच बायकांना माहीत होतं. पोहे आमच्या घरचे होते.

मी तेव्हा गडचिरोलीला नर्सिंग शिकत होते. एक वर्ष राहिलं होतं. सुट्टीत घरी आले की पारबताबाईच्या टोळीत रोवण्याला जायचे. त्या वर्षी कोरपन्याकडून मला बघायला लोक आले. मुलगा सिमेंटच्या कारखान्यात, घर स्लॅबचं. त्यांनी दोन-दोन प्लेट पोहे खाल्ले, माझ्या उंचीची तारीफ केली, आणि मुलाच्या आईनं अगदी गोड आवाजात सांगितलं, "झालं तेवढं शिक्षन बस झालं. आमच्या सुनेनं सुया टोचत हिंडायचं काई काम नाई."

माझे बाबा तसे भले. पण इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस शहाणाच असतो, अशी त्यांची श्रद्धा. त्यात स्लॅब. सोमवारी होकार कळवतो म्हणाले. मी रडून पाहिलं, जेवण सोडून पाहिलं. आईनं डोळे पुसले. बाबांनी "पोरी रडतेतच" म्हणून पान लावलं.

शनिवारी रोवणा आमच्याच शेतात होता. गोष्टीतल्या पोरीचं पावाचं दुकान होतं आणि नायकाच्या आईनं अट घातली होती: आधी दुकान बंद, मग लग्न. बाबा सकाळपासून तिसऱ्यांदा पाणी बघायला शेताच्या कडेच्या धुऱ्यावर आले होते. पाणी जागच्या जागी होतं. कोरियात काय चाललंय याच्याशी आपला काही संबंध नाही, असं तोंड करून ते चहाची किटली घेऊन उभे होते. तेवढ्यात पारबताबाईनं कंबर सरळ केली.

"दामोभाऊ, तुमी मोठे मानूस. तुमीच सांगा, तिनं दुकान बंद करावं का?"

मोठा माणूस म्हटल्यावर बाबा फुलले. घसा साफ केला. "काऊन बंद करन? पोरीनं मेहनतीनं उभं केलं. सून पायजे तं दुकानासकट घ्या म्हना!"

एकही बाई हसली नाही. मी मान वर केली नाही. "बराबर बोलले," एवढंच म्हणून पारबताबाई परत वाकली. मग बाबांचे कान लाल झाले. किटली धुऱ्यावर ठेवून, कुणाला चहा न देता ते घराकडे निघून गेले.

सोमवारी त्यांनी कोरपन्याला कळवलं, पोरीचं शिक्षण होऊ द्या, एक वर्ष थांबा. ते लोक चार दिवसही थांबले नाहीत, दुसरीकडे पोहे खायला गेले. इकडे टोळीत पारबताबाईनं सांगितलं, पोरीनं दुकान चालूच ठेवलं आणि नायक स्वतः पीठ मळायला आला.

पुढे मला सिरोंच्याकडे नोकरी लागली. एका सुट्टीत मी ती मालिका शोधून पूर्ण बघितली. बाराव्या भागात पोरगी दुकानाला कुलूप लावते. सोळाव्यात सासूला चहा देते, आणि सगळे आनंदात. माझं डोकंच फिरलं. दिवाळीला गावी गेले तर पारबताबाई अंगणात लाखोळीची डाळ पाखडत होती.

"बाई, तुमी खोटं सांगितलं."

"मले मालूम हाय," ती सुपावरची नजर न काढता म्हणाली. "तिनं कुलूप लावलेलं मी शुक्रवारीच पाह्यलं व्हतं. पन थे पोरगी माही कोन लागते? लावो नाई तं उघडो. तू तं माह्या बाजूच्या घरची." मग आवाज खाली आणून म्हणाली, "अन् बापाले सांगू नको. जिंदगीत एक फैसला बराबर केला त्यानं."

गेल्या उन्हाळ्यात पारबताबाई गेली. मी नर्स, गावोगावच्या बायकांचं बीपी तपासत हिंडते, आणि तिच्या छातीत दुखायचं हे मला ती गेल्यावर तिच्या जावेनं सांगितलं. हे मला अजून खातं. घाटावरून आल्यावर बाबा आंघोळ करून घरापुढच्या सपरीत बसले होते. आता थकलेत ते. त्यांनी मला जवळ बोलावलं.

"त्या पोरीचं पावाचं दुकान... चालू असन ना अजून?"

"चालू हाय, बाबा. मस्त चालून राह्यलं."

"मंग!" बाबा डोळे पुसत म्हणाले. "मीच म्हनलं व्हतं, बंद करू नको म्हनून."