लिंबू आणि चार कांड्या

सुरतेत एम.एस्सी. करताना सेमिनारला मी विषय घेतला तो डीएनएच्या चौकाचा. डीएनएचे धागे एकमेकांत गुंफून चार हातांचा चिमुकला सांगाडा करतात. दोन हातांच्या टोकांना चमकणारे रंग लावतात. सांगाडा मिटलेला असतो. त्याला ओळखणारं प्रथिन मधोमध येऊन बसलं की हात फाकतात, रंग लांब जातात आणि उजेड बदलतो. डोळ्यांना न दिसणारी दोन रेणूंची गाठभेट अशी कळते. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी वाचनालयात एकटीच हसत सुटले होते. ज्याचं सेमिनार सरस, त्याला सर दोन महिने पुण्याच्या एका प्रयोगशाळेत पाठवणार होते. मला जायचंच होतं.

सुरतेतल्याच डिंडोलीच्या आमच्या घरात सामानाला तोटा नव्हता. अप्पा, म्हणजे माझे वडील, लूमवर कामाला. त्यांच्याकडून आडवा धागा गुंडाळायच्या चार रिकाम्या कांड्या घेतल्या. आई घरी साड्यांना टिकल्या लावायची. तिच्याकडून एक लाल, एक हिरवी घेऊन दोन कांड्यांच्या टोकांना चिकटवली. चारही कांड्या सुताने एकमेकींना जोडल्या आणि मधलं सूत मुद्दाम ढिलं ठेवलं. प्रथिनाच्या जागी लिंबू. ते आत सरकवलं की कांड्या फाकत आणि हिरवी टिकली लालपासून दूर जाई. आदल्या दिवशी हा खेळ मी इतक्यांदा केला की आई आमच्या अहिराणीत म्हणाली, "आते ते लिंबू वरनमा पिळू दे."

सेमिनारमध्ये बोलणं झकास झालं. मग मी लिंबू आत सरकवलं. कांड्या हलेनात. जोर लावला, तर लिंबू फुटलं आणि रस थेट सरांच्या चष्म्यावर.

"आ तो हाल्युं ज नहीं," चष्मा पुसत सर म्हणाले.

मी मॉडेल उलटं करून पाहिलं. मधल्या ढिल्या सुतावर खसखशीएवढ्या निरगाठी बसल्या होत्या, एक नाही, पाच. तसल्या गाठी कोण मारतं हे मला कुणी सांगायला नको होतं. पुणं हातचं चाललं होतं आणि मला हसू आवरत नव्हतं.

"बरोबर आहे सर," मी कसंबसं म्हटलं. "हा सांगाडा बांधून टाकलेला आहे. कुणीही येवो, याला काही कळणार नाही. आता सुटा केलेला बघा."

पाचही गाठी दातांनी सोडवल्या. पिशवीतून दुसरं लिंबू काढलं. कांड्या फटकन फाकल्या, हिरवी टिकली लांब गेली आणि वर्ग बाकं बडवायला लागला. तुलनेसाठी बांधलेलं मॉडेल आधी दाखवायची कल्पना कुणाची, असं सरांनी विचारलं. "माझ्या वडिलांची," मी म्हटलं. निम्मं तरी खरं होतं.

घरी अप्पा वाटच बघत होते. "सुटं दिखनं, म्हनीसन बांधी टाकं," ते म्हणाले. ढिला धागा त्यांना बघवतच नसे. मी त्यांना सगळं सांगितलं, चष्म्यासकट. आई हसून हसून खाली बसली. अप्पा हसले नाहीत.

"मंग बांधं तर त्याले काहीच कयत नही?" त्यांनी विचारलं.

"नही," मी म्हटलं.

पुण्याला निघाले तेव्हा माझी वळकटी त्यांनीच बांधली, मला हात लावू दिला नाही. खोलीवर पोचल्यावर मी दातांची तयारी करूनच खाली बसले. दोरीचं टोक ओढलं आणि वळकटी एका झटक्यात उलगडली. सुरगाठ होती. अप्पांच्या हातची सुरगाठ मी जन्मात पहिल्यांदा पाहत होते.