दोन दारांची गाडी

निवृत्त झाल्यावर आमच्या ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. ती ऐकून मी आधी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. चहा पिता पिता त्यांनी मोबाईल माझ्यापुढे सरकवला होता. त्यावर एका गाडीचा फोटो होता. गडद निळी, परदेशी बनावटीची, जमिनीला पोट टेकून बसल्यासारखी. दारं दोनच आणि सीटही दोनच. सिनेमात श्रीमंताचा वाया गेलेला पोरगा असल्या गाडीतून उतरतो.

"वसमतला एक हळदीचे व्यापारी विकून राहिले," हे म्हणाले. "जुनी हाय, पण लई कमी चालली. भाव बराबर हाय."

मी आरोग्यसेविका होते. सिद्धेश्वर धरणाच्या आसपासच्या गावांत माझी नोकरी झाली. ताप कधीपासून आहे असं विचारलं की बाई म्हणायची कालपासून, आणि तो चांगला आठवडाभराचा असायचा. गोळ्या घेतल्या का, तर घेतल्या, आणि त्याच गोळ्या उशीखाली सापडायच्या. माणसं खोटं बोलतात असं मी म्हणत नाही, पण पहिल्या फटक्यात खरं सांगत नाहीत एवढं नक्की. त्यामुळे कोणी काही सांगितलं की ते उलटंपालटं करून बघायचं, ही माझी सवय.

भाव बराबर म्हणजे काय, तर नव्या साध्या लहान गाडीच्या किमतीत ही मिळत होती. नवी असताना तिच्या किमतीत हिंगोलीत एक बरं घर झालं असतं. एवढी महागाची वस्तू कोणी एवढ्या स्वस्तात सोडतो, म्हणजे तिला काहीतरी ऐब असणारच. पुरात बुडाली असेल, कुठे ठोकली असेल, नाहीतर चोरीची असेल. हे सगळं मी बोलून दाखवलं. नवऱ्याबद्दलचा संशय तेवढा पोटात ठेवला. साठीला टेकलेल्या माणसाला दोनच सीटची गाडी कशाला हवी? पुण्याहून मुलगी, जावई, नात आली तर त्यांना काय टपावर बसवायचं? आणि ती दुसरी सीट नेमकी कोणासाठी?

शिवाय हे सरकारी गाडीवर ड्रायव्हर. सगळी नोकरी पांढऱ्या जीपवर काढली, मागच्या सीटवर धुतलेला टॉवेल रोज स्वतः अंथरून. साहेब बदलले, टॉवेल बदलले, हे तेच राहिले. गाडी चालवायची हौस अजून कशी फिटली नाही, हे मला कळेना. भजी तळणारा काही घरी येऊन भजी मागत नाही.

फंडाचे पैसे आले होते. त्यातून घरावर दोन खोल्या चढवायचं आमचं ठरलं होतं, एक आमच्यासाठी आणि एक भाड्याने द्यायला. मी सरळ विचारलं, "खोल्या का गाडी?"

ह्यांनी मोबाईल उचलून खिशात ठेवला. भांडले असते तर मला बरं वाटलं असतं. पण मागून हुकूम आला की गाडी वळवायची आणि कारण विचारायचं नाही, ही नोकरीतली सवय घरातही उतरली होती. विषय तिथेच संपला असं मला वाटलं. पण संध्याकाळी ओट्यावर बसले की मोबाईल बाहेर निघायचा आणि माझी चाहूल लागली की मांडीवर पालथा पडायचा. मग मात्र माझं डोकं फिरलं.

एकदा ते आंघोळीला गेलेले बघून मी तो मोबाईल उघडला. कुठल्या बाईचा फोन नाही, निरोप नाही. फोटो होते, सगळे त्याच गाडीचे. समोरून, बाजूने, स्टिअरिंगचा. आणि एक फोटो दोन सीटच्या पाठीमागचा. तिथे अरुंद फळीसारखी जागा होती आणि तिच्यावर धूळ. रिकाम्या फळीचा फोटो माणूस कशाला जपून ठेवतो, ते मला समजेना. बाईचा फोन सापडला असता तर निदान काय करायचं ते तरी कळलं असतं.

मुलीला फोन लावला. ती म्हणाली, "आई, असली गाडी घेणं सोपं असतं, सांभाळणं महाग. एका टायरच्या पैशात आपली स्कूटी किती दिवस पळेल माहितीये? विमा वेगळा. आणि बिघडली तर हिंगोलीत बोनेट उघडायला कोणी धजणार नाही." जुनी गाडी कशी तपासायची, तेही तिने समजावून सांगितलं. मग मी ह्यांना म्हटलं, चला, आधी बघून तर येऊ. माझा बेत सरळ होता. व्यापाऱ्यासमोर गाडीची खोट काढायची आणि हे खूळ कायमचं मिटवायचं.

आम्ही एसटीने वसमतला गेलो. व्यापाऱ्याच्या गोदामात हळदीची पोती थप्पीने लावलेली आणि शेजारच्या शेडमध्ये ती गाडी. पुढे काळी बाहुली आणि लिंबू-मिरची लटकत होती. "ते काढून ठेवा, आमच्याकडं चालत न्हाई," मी आल्या आल्या सांगितलं. व्यापारी अंगाने भरलेला, हसतमुख माणूस होता. त्याने चहा मागवला आणि आपल्या ड्रायव्हरला ते काढायला लावलं. ड्रायव्हर ह्यांच्याच वयाचा असेल. तो लगेच वाकला.

मी पायाखालच्या चटया उचलल्या. सीटचे पट्टे शेवटपर्यंत ओढून पाहिले, कारण पुराचा गाळ तिथे लपतो म्हणे. डिकीत डोकं घालून वास घेतला. वास होता, पण हळदीचा. दुसरा कुठला वास दाबायला हळद तर नाही ना टाकली, असंही मनात येऊन गेलं. कागदपत्रं बराबर, नंबर जुळत होते, चाव्याही दोन्ही होत्या. मला खोट सापडेना, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

"विकता काहून?" मी विचारलं.

"वापरच न्हाई हो ताई."

"वापर काहून न्हाई?"

"खाली घासते. आपले रस्ते तर बघून राहिले तुमी."

"ते तर घेतानाच दिसलं असंल की."

व्यापारी मोठ्याने हसला. "खरं सांगू का ताई? मला गाडी चालवता येत न्हाई, ड्रायव्हर लागतो. अन् हिला मागं सीटच न्हाई! ड्रायव्हरच्या बाजूला बसावं लागते. मार्केटात उतरलं की लोकाला समजत न्हाई, मालक कोन अन् ड्रायव्हर कोन. एकानं तर रामराम ह्यालाच घातला!" त्याने ड्रायव्हरकडे बोट केलं. ड्रायव्हरही हसला, हसावं लागतं तसा. "ज्याच्यापाशी पैसा हाय तो इथं मागं बसतो, त्याला असली गाडी चालत न्हाई, म्हणून गिऱ्हाईक न्हाई. न्हाईतर ह्या भावात दिली असती काय?"

सापडली एकदाची खोट, म्हणून मी जिंकल्यासारखी ह्यांच्याकडे वळले. हे हसत नव्हते. ते काचेतून आत बघत होते, दोन सीटच्या मागे, त्या फळीकडे.

"चक्कर मारून या की दोघं," व्यापारी म्हणाला.

औंढ्याच्या रस्त्याला लागलो. मी इतकी खाली बसले होते की रस्ता मांडीवर घेतल्यासारखं वाटत होतं. ह्यांनी पाय जरा दाबला आणि उसाचा ट्रॅक्टर मागे पडला, आवाज नाही की धक्का नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं की इतक्या वर्षांच्या संसारात गाडीत ह्यांच्या शेजारी मी पहिल्यांदाच बसते आहे. सरकारी जीपमध्ये बायकोला बसता येत नव्हतं. लग्नाकार्याला भाड्याची गाडी केली तर ती चालवायला हेच, पुढे कोणीतरी मोठा पाहुणा, आणि मी मागे बायका-पिशव्यांत.

ह्यांची मान नेहमी थोडी डावीकडे कललेली असते. मी ते मानेचं दुखणं समजायचे, मलमही लावून द्यायचे. त्या दिवशी शेजारून बघताना समजलं, तो मागचा आवाज ऐकायला लावलेला कान आहे. वसमत सुटलं तरी मान तशीच होती आणि नजर घडीघडी आरशात जात होती. आरशात नुसता रस्ता. मग एका वळणानंतर ती मान हळूच सरळ झाली.

"त्या फळीचा फोटो काहून ठेवला?" मी विचारलं.

मी मोबाईल उघडला होता, याचं त्यांना नवल वाटलं नाही. "तिथं कोनी बसूच शकत न्हाई, म्हणून."

मी वळून मागची फळी पाहिली.

"जिंदगीभर मानेवर कोनी ना कोनी होतं. एक डाव बघायचं होतं, मागं कोनी नसल्यावर गाडी कशी चालते."

"रिकामी जीप चालवली असंल की किती येळा."

"ती रिकामी नसते. ती साहेबाला आणाया चाललेली असते."

मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. सगळ्या साहेबांचा, त्या हसणाऱ्या व्यापाऱ्याचा, आणि ह्यांचाही. "मग सांगायचं ना!" मी ओरडले.

"तुमी खोल्या का गाडी इचारलं," हे म्हणाले. चिडले की हे मला तुमी म्हणतात. "काहून पायजे, हे कुठं इचारलं?"

त्यांना चिडलेलं मी कित्येक वर्षांनी पाहिलं. बरं वाटलं.

पुढे एका हॉटेलापाशी चहाला थांबलो. मी दाराची कडी चाचपडत होते, तोवर हे उतरून वळसा घालून आलेसुद्धा. त्यांनी माझं दार उघडलं. एक हात दारावर, दुसरा वरच्या कडेला, आतल्या माणसाचं डोकं आपटू नये म्हणून. पाठ ताठ, नजर खाली. आपण काय करतोय हे त्यांना माहीतही नव्हतं.

मी ते दार त्यांच्या हातातून ओढून घेतलं आणि लावलं. काचेपलीकडे ते गोंधळून उभे राहिले. मग मी आतून दार उघडलं आणि उतरायला लागले. गाडी इतकी खाली की गुडघे उठू देईनात. ह्यांनी हात पुढे केला. तो हात मी धरला.

चहा घेताना मी म्हटलं, "खोली एकच बांधू. अन् इसार देताना दोन्ही चाव्या हातात घ्या, त्या मानसाचा मला भरोसा न्हाई."

हे बशीतला चहा संपवून उठले. गाडीपाशी आल्यावर सवयीने माझ्या दाराकडे वळले, त्यांचा हात उचललाही गेला. मग तो हात त्यांनी खाली घेतला, पुढून वळसा घातला आणि आपल्या जागेवर जाऊन बसले. माझं दार मी उघडलं.